लाच नको, पण स्वस्त पाकीट चालेल

भ्रष्टाचाराचा राग येणारी माणसंच तस्करीची स्वस्त सिगारेट बिनदिक्कत घेतात. हे कसं, ते समजून घ्यायचं तर सुरुवात भ्रष्टाचारापासून करू. युरोपियन युनियन दर काही वर्षांनी आपल्या नागरिकांना भ्रष्टाचाराबद्दल काय वाटतं ते विचारतं. २०१३ मध्ये अशी एक पाहणी झाली आणि तिचे आकडे पुढच्या वर्षीच्या भ्रष्टाचारविरोधी अहवालात आले. ‘तुमच्या देशात भ्रष्टाचार बोकाळला आहे का?’ या प्रश्नाला ७६ टक्के लोक हो म्हणाले. ‘गेल्या वर्षभरात तुमच्याकडे कुणी लाच मागितली का, किंवा तशी अपेक्षा दाखवली का?’ असं विचारल्यावर मात्र हो म्हणणारे निघाले ४ टक्के. ब्रिटनमध्ये तर १,११५ जणांपैकी फक्त ५ जणांवर ती वेळ आली होती. तरीही तिथल्या ६४ टक्के लोकांच्या मते भ्रष्टाचार सर्वत्र पसरलेला होता.

‘लोक उगाच ओरड करतात’ असं यावरून म्हणता येईल, पण ते घाईचं होईल. खिडकीवर बसलेला कारकून पैसे मागतो तो भ्रष्टाचार माणसाला स्वतःला भेटतो. कंत्राटं कुणाला द्यायची, कायद्यात कुठली पळवाट ठेवायची, कुठल्या फाइलवर सही थांबवायची, हे व्यवहार त्याला कधीच भेटत नाहीत. ते बातम्यांतून कळतात, किंवा नुसते जाणवतात. म्हणजे दोन प्रश्न दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. एक अनुभव मोजतो, दुसरा विश्वास. त्याच पाहणीत ग्रीसमध्ये ९९ टक्के लोकांनी भ्रष्टाचार सर्वदूर असल्याचं सांगितलं आणि डेन्मार्कमध्ये २० टक्क्यांनी. एवढी तफावत केवळ बातम्यांनी पडत नाही.

बर्लिनमध्ये १९९३ साली स्थापन झालेल्या ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या भ्रष्टाचारविरोधी संस्थेचा दरवर्षी गाजणारा निर्देशांकही नीट समजून घ्यायला हवा. देशांना शून्य ते शंभर गुण देणारी ती यादी सामान्य माणसांना विचारून बनत नाही. ती तज्ज्ञांच्या आणि उद्योजकांच्या मतांवर बेतलेली असते. सामान्यांना विचारणारी त्यांची पाहणी वेगळी आहे आणि ती २००३ पासून चालू झाली. वर्तमानपत्रं बहुतेक वेळा पहिलीचे आकडे छापतात आणि मथळा दुसरीचा असल्यासारखा देतात.

आता सिगारेटींकडे येऊ. भ्रष्टाचार वाईट आहे का, असं विचारलं तर जवळजवळ सगळे हो म्हणतात. पण कर चुकवून आलेलं, निम्म्या किमतीचं सिगारेटचं पाकीट समोर आलं, तर तोच माणूस ते खिशात घालतो आणि त्याला त्यात फारसं काही वावगं वाटत नाही. लाच घेणारा चोर, आणि दोन नंबरचा माल घेणारा हुशार गिऱ्हाईक! हा दुटप्पीपणा आजचा नाही. तस्करीचा माल घेताना बोचणी लागते असं म्हणणाऱ्याला बहुतेक देशांत लोक ढोंगी समजतील, असं अर्थतज्ज्ञ अॅडम स्मिथ यांनी १७७६ सालीच लिहून ठेवलं होतं. गंमत म्हणजे दोनच वर्षांनी याच स्मिथ यांची स्कॉटलंडच्या सीमाशुल्क खात्यात आयुक्त म्हणून नेमणूक झाली. मग त्यांनी स्वतःचं कपाट तपासलं. गळपट्टे, झालरी, हातरुमाल, जवळजवळ प्रत्येक वस्तू वापरायला मनाई असलेल्या मालातली निघाली. इतरांना उदाहरण म्हणून आपण ते सगळं जाळून टाकलं, असं त्यांनी १७८० च्या एका पत्रात एका मित्राला कळवलं. नियम ज्यांनी राबवायचे त्यांच्याही कपाटात बंदीचा माल सहज पोहोचलेला असतो, हे इतक्या मोकळेपणाने कबूल करणारे आयुक्त विरळाच.

लोकांना स्वस्त पाकीट निरुपद्रवी का वाटतं, हे कळणं अवघड नाही. लाच द्यावी लागली की आपला पैसा जातो आणि वर अपमान होतो. तस्करीच्या मालात उलट आपला पैसा वाचतो. नुकसान होतं ते सरकारचं, आणि सरकार म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येणारं कुठलं माणूस नव्हे. त्यात सरकारवर आधीच विश्वास नसेल तर, ‘आपण भरलेला कर शेवटी कुणाच्या तरी खिशातच जाणार ना?’ हे समर्थन तयारच असतं. म्हणजे भ्रष्टाचाराबद्दलचा राग हाच तस्करीच्या मालाला परवाना देतो. इथे खरी गाठ आहे. हे दोन विषय वेगळे ठेवले की ती दिसत नाही, कारण तस्करी भ्रष्टाचाराशिवाय फार लांब जाऊ शकत नाही. ते कसं, यासाठी माल नेमका कसा हलतो ते पाहावं लागेल.

एका कंटेनरचं गणित

सिगारेट हलकी असते, लहान असते, लवकर खराब होत नाही, आणि तिच्या किमतीचा मोठा भाग निव्वळ कर असतो. किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान ७५ टक्के असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. कारखान्यात ती बनवायचा खर्च त्या मानाने किरकोळ. म्हणजे बाजारातल्या किमतीपैकी बहुतांश रक्कम ‘चुकवता येण्याजोगी’ आहे. इतकी किंमत इतक्या कमी जागेत भरलेल्या कायदेशीर वस्तू फार नाहीत.

४० फुटी कंटेनरमध्ये साधारण एक कोटी सिगारेटी मावतात. वीसचं एक पाकीट धरलं तर पाच लाख पाकिटं. पाकिटामागे ४ डॉलर कर असलेला देश धरा. एका कंटेनरमागे २० लाख डॉलर कर बुडाला. आता बंदरावरच्या अधिकाऱ्याला यातला एकच टक्का द्यायचं ठरवलं तरी ते २० हजार डॉलर होतात. त्याने करायचं काय? तर काहीच करायचं नाही. कंटेनर उघडायचा नाही, एवढंच. लाच देणाऱ्यासाठी ही रक्कम किरकोळ खर्चात जमा होते, आणि घेणाऱ्यासाठी कित्येक देशांत ती काही वर्षांच्या पगाराएवढी असते. कुंपणानेच शेत खावं अशी ही सोय आहे.

प्रवासाला निघालेली पर्यटक मंडळी बॅगेत दहा-वीस कार्टन कोंबून आणतात तीही तस्करीच, पण ती फुटकळ. घाऊक तस्करीची जुनी आणि हमखास पद्धत कागदांवर चालते. आंतरराष्ट्रीय व्यापारात एक रास्त सवलत आहे: माल एका देशातून नुसता ‘पार’ होणार असेल तर त्यावर तिथला कर घेत नाहीत. कागदावर लिहिलेलं असतं की हा कंटेनर अ देशातून निघाला, ब देशातून जाईल आणि क देशात उतरेल. ब देशात कर तहकूब राहतो. कंटेनर बाहेर पडल्याचा शिक्का बसलेला कागद परत आला की फाइल बंद. तस्कर काय करतो? माल ब देशातच उतरवून विकतो आणि शिक्का तेवढा मिळवतो. तो खोटा असेल किंवा खरा असून विकत घेतलेला असेल. युरोपात १९९० च्या दशकात या मार्गाने इतका माल गायब झाला, की युरोपियन संसदेला खास चौकशी समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९९७ मध्ये आला. त्याच काळात ब्रिटनमधून अँडोरा या चिमुकल्या डोंगरी देशाला होणारी सिगारेटींची निर्यात चार वर्षांत शंभर पटींहून जास्त वाढली होती. तिथली लोकवस्ती लाखाच्या आतली! त्या सगळ्या सिगारेटी अँडोरावाल्यांनी ओढल्या असत्या तर देशावर कायमचं धुकं राहिलं असतं. माल अर्थातच शेजारच्या देशांत उतरत होता.

बेकायदा मालाचे प्रकारही थोडक्यात सांगतो, कारण बोलताना सगळ्यांची सरमिसळ होते. नामांकित कंपनीचा खराच माल, फक्त कर न भरलेला, हा एक. हुबेहूब नकली माल हा दुसरा. तिसरा प्रकार जरा विचित्र आहे: एखाद्या देशात कायदेशीर कारखान्यात बनणारा, पण मुळात दुसरीकडे चोरून विकण्यासाठीच जन्माला घातलेला ब्रँड. रशियाच्या कालिनिनग्राडमधल्या कारखान्यातून निघणारा ‘जिन लिंग’ हा त्यातला गाजलेला. पाकिटाची धाटणी प्रसिद्ध कॅमलची, पण उंटाच्या जागी बोकड. चौथा प्रकार सीमा ओलांडतच नाही. कारखाना दिवसपाळीचं उत्पादन दाखवतो आणि रात्रपाळीचं दाखवत नाही. तिथे तस्कर म्हणून कुणी वेगळा माणूस लागत नाही, उत्पादन शुल्काची नोंद करणारा ‘समजूतदार’ असला की भागतं.

राग कुणावर निघतो

कॅनडाची गोष्ट यात फार बोलकी आहे. १९९० च्या सुमारास तिथे सिगारेटींवरचा कर झपाट्याने वाढला. कॅनडातच बनलेल्या सिगारेटी निर्यातीच्या नावाखाली कर न भरता अमेरिकेत जायच्या आणि सेंट लॉरेन्स नदीच्या काठच्या भागातून चोरवाटेने परत यायच्या. लोकांचा राग कुणावर निघाला? करावर. जानेवारी १९९४ मध्ये क्वेबेकमधल्या दुकानदारांनी निषेध म्हणून तस्करीच्या सिगारेटी भर चौकात, कॅमेऱ्यांसमोर विकल्या. गर्दी टाळ्या वाजवत होती. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने नमतं घेतलं आणि कर कापला. मग खरी बाब उजेडात यायला १४ वर्षं लागली. २००८ मध्ये इम्पीरियल टोबॅको कॅनडा आणि रॉथमन्स, बेन्सन अँड हेजेस या दोन बड्या कंपन्यांनी गुन्हा कबूल केला आणि दोघींनी मिळून सुमारे १.१५ अब्ज कॅनेडियन डॉलर भरायचं मान्य केलं. २०१० मध्ये आणखी दोन कंपन्यांनी ५५ कोटी डॉलरची तडजोड केली. हा माल परत कुठे जाणार आहे हे माहीत असून तो पुरवला गेला होता. ज्यांच्यामुळे चोरबाजार फुगला, त्यांच्याच सोयीची करकपात लोकांनी आंदोलन करून मिळवून दिली होती.

युरोपातही असंच घडलं. फिलिप मॉरिसने २००४ मध्ये युरोपियन युनियनबरोबर १.२५ अब्ज डॉलरचा करार केला आणि पाठोपाठ इतर तीन मोठ्या कंपन्यांनीही तसेच करार केले. गुन्हा कबूल न करता पैसे भरायचे आणि आपला माल कुठे जातो यावर पुढे नजर ठेवायची, असा त्यांचा एकूण मसुदा. माझ्या मते लोकांच्या मनातल्या ‘तस्कर’ या चित्रात सगळ्यात मोठी चूक इथे आहे. आपल्याला दिसतो तो रात्री होडी हाकणारा माणूस. टाय घालून विक्रीचे आकडे पाहणारा दिसत नाही.

होडीवाला नव्हताच असं मात्र नाही. १९९० च्या दशकात मॉन्टेनेग्रोच्या किनाऱ्यावरून वेगवान बोटी भरून रात्रीत एड्रियाटिक समुद्र ओलांडायच्या आणि इटलीच्या पुलिया भागात माल उतरायचा. मॉन्टेनेग्रोचं सरकार या मालावर चक्क शुल्क आकारत होतं. युगोस्लाव्हियावर आंतरराष्ट्रीय निर्बंध होते, पगार-पेन्शन कुठून द्यायचे, असा तिथल्या नेत्यांचा युक्तिवाद. इटलीतल्या बारी शहराच्या सरकारी वकिलांनी त्या काळचे सत्ताधारी नेते मिलो जुकानोविच यांची चौकशी केली. त्यांनी आरोप फेटाळले, आणि पदाच्या संरक्षणामुळे २००९ मध्ये त्यांच्यापुरतं प्रकरण बंद झालं. पलीकडच्या किनाऱ्यावर, पुलियात, कितीतरी घरांची चूल या धंद्यावर पेटत होती, त्यामुळे तिथेही लोक त्याकडे गुन्हा म्हणून फारसे पाहत नसत. फेब्रुवारी २००० मध्ये ब्रिंडिसीजवळ तस्करांच्या चिलखती गाडीने गस्तीच्या गाडीला धडक दिली आणि इटलीच्या आर्थिक पोलिस दलाचे दोन जवान ठार झाले. त्यानंतर सरकारने ‘ऑपरेशन स्प्रिंग’ नावाची मोठी मोहीम काढली आणि त्या किनाऱ्यावरचा धंदा मोडला. माल तोच होता, पण आता त्याला दोन शवपेट्या जोडल्या गेल्या होत्या आणि लोकांचा सूर बदलला.

कर जबाबदार की लाच?

तंबाखू कंपन्यांचा आवडता युक्तिवाद असा: कर वाढवाल तर तस्करी वाढेल. ऐकायला पटतं, आणि त्यात तथ्यही आहे. करच नसता तर चुकवायला काही राहिलंच नसतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्य पाकिटामागे ५.३५ डॉलर कर घेतं आणि मिसुरी १७ सेंट. मध्ये कुठेही पासपोर्टची तपासणी नाही. अशा वेळी ट्रक भरून माल उत्तरेकडे जाणारच.

पण सगळे देश शेजारी ठेवून पाहिले की चित्र गुंतागुंतीचं होतं. १९९० च्या दशकात युरोपात सिगारेट सर्वात महाग होती ती उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन देशांत, आणि तस्करी जास्त होती ती स्वस्त सिगारेटींच्या स्पेन-इटलीत. जागतिक बँकेसाठी काम करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना त्या काळात दिसलं, की तस्करीचं प्रमाण किमतीपेक्षा त्या देशातल्या भ्रष्टाचाराच्या पातळीशी जास्त जुळतं. ब्रिटनने तर हे करूनच दाखवलं. २००० च्या आसपास तिथे दर पाचातली एक सिगारेट बेकायदा होती. सरकारने बंदरांवर एक्स-रे यंत्रं बसवली, माणसं वाढवली, आणि माल कुठे जातो याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. कर कमी केला नाही, उलट वाढवत नेला. दशकभरात ते प्रमाण निम्म्यावर आलं.

दक्षिण आफ्रिकेत याच्या उलट दिशेने गेलेला प्रयोग दिसतो, अर्थात तो कुणी प्रयोग म्हणून केलेला नव्हता. तिथलं महसूल खातं एके काळी जगात नावाजलेलं होतं. २०१४ नंतर, टॉम मोयाने हे आयुक्त असताना, ते आतून खिळखिळं झालं. बेकायदा व्यापाराचा तपास करणाऱ्या तुकड्या मोडीत निघाल्या. निवृत्त न्यायमूर्ती नुजेंट यांच्या चौकशी आयोगाने २०१८ मध्ये नमूद केलं, की तंबाखूसारख्या वस्तूंचा बेकायदा धंदा करणाऱ्यांवर फारसा अंकुशच उरलेला नाही. या काळात करात कुठली उडी नव्हती. पहारेकरी हटवले गेले आणि बाजार चोरांच्या हाती गेला. त्यावर २०२० च्या टाळेबंदीत सरकारने मार्चअखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सिगारेट विक्रीवरच बंदी घातली. केप टाउन विद्यापीठातल्या संशोधकांच्या पाहणीत, धूम्रपान चालू ठेवलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक त्या बंदीतही सिगारेटी विकत घेत होते, तेही कितीतरी चढ्या भावाने. आधीच तयार असलेलं जाळं हाताशी असल्यावर दुसरं काय होणार?

तर मग सगळा दोष लाचेचाच, असा निकाल द्यावा का? ऑस्ट्रेलिया तो निकाल लागू देत नाही. प्रशासन तुलनेने स्वच्छ, देश समुद्राने वेढलेला, आणि तरीही गेल्या काही वर्षांत तिथे बेकायदा तंबाखूचा बाजार प्रचंड वाढला. २०१३ ते २०२० दरम्यान तिथे कर दरवर्षी नेहमीच्या वाढीवर आणखी साडेबारा टक्क्यांनी चढत गेला आणि पाकीट जगात सर्वात महाग होऊन बसलं. २०२३ पासून मेलबर्न आणि आसपास तंबाखूच्या दुकानांना आगी लावण्याच्या शंभराहून जास्त घटना झाल्या. टोळ्यांचं आपापसात वाटपावरून युद्ध चालू आहे. म्हणजे किमतीतली दरी एका मर्यादेपलीकडे गेली की बरा पहाराही अपुरा पडतो. मला वाटतं, कर हा आमिषाचा आकार ठरवतो आणि भ्रष्टाचार हा धोक्याचा. तस्कर दोन्ही पाहून हिशेब करतो. कंपन्या त्यातला एकच अर्धा भाग सांगतात, आणि तंबाखूविरोधी मंडळी कधीकधी दुसराच.

खरं उत्तर कसं काढायचं

‘तुम्ही तस्करीची सिगारेट घेता का?’ असं थेट विचारलं तर लोक खरं सांगतील का? बरेच जण नाही सांगणार. लाचेचंही तेच. यासाठी संख्याशास्त्रात एक सुरेख युक्ती आहे, जिची मूळ कल्पना स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडली. तिचं एक सोपं रूप असं: प्रत्येकाने एकट्याने नाणं उडवायचं. छापा आला तर प्रश्न न वाचताच ‘हो’ म्हणायचं, काटा आला तर खरं उत्तर द्यायचं. विचारणाऱ्याला नाणं दिसत नाही, त्यामुळे एखाद्याचा ‘हो’ नाण्यामुळे आला की कबुलीमुळे, हे कळायला मार्ग नाही. पण हजार जणांचा हिशेब लागतो. समजा ६०० ‘हो’ आले. त्यातले अंदाजे ५०० छाप्याचे. उरले १००, आणि तेही काटा पडलेल्या ५०० मधले. म्हणजे खरं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास. कुणाचंही गुपित न फोडता गर्दीचं गुपित कळतं.

सिगारेटींच्या बाबतीत आणखी एक मार्ग आहे, जरा घाणेरडा पण प्रामाणिक. रस्त्यावर आणि कचऱ्यात टाकलेली रिकामी पाकिटं गोळा करायची आणि प्रत्येकावर स्थानिक कराचा शिक्का, भाषा, आरोग्याचा इशारा तपासायचा. पाकीट खोटं बोलत नाही. अडचण असते ती पाकिटं कुणी आणि कुठून उचलली याची. बंदराजवळ किंवा स्टेडियमबाहेर जास्त उचलली तर आकडा फुगतो. कंपन्यांच्या पैशाने झालेल्या अभ्यासांतले अंदाज स्वतंत्र संशोधकांपेक्षा बहुधा वरचे निघतात, हे अनेक देशांत दिसून आलं आहे. तेव्हा ‘बाजाराचा तिसरा हिस्सा बेकायदा’ असा मथळा दिसला की आधी पैसे कुणी दिले ते पाहावं. जगभराचा एक नेहमी उद्धृत होणारा अंदाज २००७ च्या आसपासचा आहे: एकूण सिगारेटींपैकी ११.६ टक्के बेकायदा आणि बुडालेला महसूल ४०.५ अब्ज डॉलर.

पाहण्यांचा याहून मोठा गोंधळ प्रश्नातच असतो. ‘लाच घेणं योग्य आहे का?’ या प्रश्नाला महाभ्रष्ट देशातही लोक ठणकावून ‘नाही’ म्हणतात. केनिया आणि युगांडामध्ये मुलाखती घेणाऱ्या स्वीडिश संशोधकांनी २०१३ मध्ये नेमकी हीच गोष्ट मांडली: लोकांना भ्रष्टाचार मनापासून नकोसा आहे आणि तरी ते त्यात भाग घेतात, कारण बाकीचे घेणारच याची त्यांना खात्री असते. एकट्याने प्रामाणिक राहून फक्त आपलं काम अडतं, बाकी काही बदलत नाही. त्यामुळे ‘तुम्हाला काय योग्य वाटतं?’ हे विचारून थोडंच हाती लागतं. ‘तुमच्या जागी दुसरा असता तर त्याने काय केलं असतं?’ याचं उत्तर वागणुकीच्या जास्त जवळ जातं. स्वस्त पाकिटाचंही तसंच. नैतिकतेची व्याख्यानं देणाऱ्या मोहिमा इथेच फसतात, आणि कधी उलट्याही पडतात. ‘इतके कोटी लोक तस्करीची सिगारेट ओढतात’ असं फलकावर लिहिलं की वाचणाऱ्याला एवढंच कळतं, की आपण एकटे नाही.

मग हे संस्कृतीतच मुरलेलं असतं का? अर्थतज्ज्ञ रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल यांनी न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या राजनैतिक अधिकाऱ्यांचे पार्किंगचे दंड तपासले. राजनैतिक संरक्षण असल्याने दंड भरला नाही तरी कुणी काही करू शकत नव्हतं. १९९७ ते २००२ या काळात दीड लाखाहून जास्त दंड न भरता पडून होते. स्वीडन आणि नॉर्वेच्या नावावर एकही नाही, आणि कुवेतचा नंबर सर्वात वर. ज्या देशात भ्रष्टाचार जास्त, तिथल्या अधिकाऱ्यांचे थकीत दंडही साधारण जास्त. इथवर ‘सवय घरून येते’ हे म्हणणं खरं ठरतं. पण २००२ च्या शेवटी शहराला अशा गाड्यांच्या नंबरप्लेट काढून घेण्याचा अधिकार मिळाला आणि थकीत दंडांचं प्रमाण जवळपास ९८ टक्क्यांनी कोसळलं. माणसं तीच होती आणि संस्कृतीही तीच. पकडलं जाण्याची खात्री तेवढी बदलली.

सिगारेटींच्या बाबतीत ही खात्री आणण्याचा सगळ्यात गंभीर प्रयत्न म्हणजे बेकायदा तंबाखू व्यापाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार. तो नोव्हेंबर २०१२ मध्ये सोलमध्ये मंजूर झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचा गाभा असा, की प्रत्येक पाकिटावर एक न पुसणारी, वेगळी खूण हवी, आणि ती वाचली की कुठल्या कारखान्यात, कधी बनलं, कुणाला विकायचं होतं हे कळलं पाहिजे. युरोपियन युनियनने अशी व्यवस्था मे २०१९ पासून चालू केली. करारातलं एक कलम मला सर्वात महत्त्वाचं वाटतं: सरकारने करायचं काम तंबाखू उद्योगाकडे सोपवता येणार नाही. ते उगाच आलेलं नाही. मोठ्या कंपन्यांनी ‘कोडेंटिफाय’ नावाची स्वतःची माग काढणारी यंत्रणा तयार करून ती सरकारांच्या गळ्यात मारण्याचा भरपूर प्रयत्न केला होता. कॅनडाचा इतिहास माहीत असलेल्या कुणालाही यात काय चूक आहे ते सांगावं लागणार नाही.

या व्यवस्थेचा भ्रष्टाचाराशी संबंध सरळ आहे. पूर्वी शिक्का मारणाऱ्याच्या शब्दावर फाइल बंद व्हायची. आता पाकीट जिथे पकडलं जाईल तिथून उलटा माग काढता येतो, आणि वाटेत कुणाच्या नोंदीनंतर ते गायब झालं ते दिसतं. लाच घेणाऱ्याला नंतरही सापडण्याची भीती राहते, त्यामुळे त्याचा भाव वाढतो आणि तस्कराचं गणित बिघडतं. केनियाने २०१३ पासून अशी शिक्क्यांची यंत्रणा बसवली आणि तिथला बेकायदा माल बराच घटला. हे शिक्के फोनवर तपासता यावेत म्हणून तिथल्या महसूल खात्याने सर्वसामान्यांसाठी एक ॲपही काढलं आहे. विक्रेत्यांवर आणि निरीक्षकांवर त्याचा वचक बसतो. स्वस्त मिळतं म्हणूनच जो पाकीट घेतो, तो मात्र ते ॲप उघडून पाहण्याची शक्यता कमीच.